मागून आलेली जीप

मुंबई विमानतळाचा तो सीसीटीव्ही व्हिडिओ मला आत्तापर्यंत आठ जणांनी पाठवलाय. मुसळधार पाऊस, समोर सगळं पांढरं, आणि त्यातून एक छोटं विमान जमिनीवर घसरत जातं. 14 सप्टेंबर 2023, संध्याकाळचे पाच. विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट 45, सहा प्रवासी आणि दोन वैमानिक. दृश्यमानता 700 मीटर. मोडलेलं विमान बघितल्यावर आठही जण वाचले यावर विश्वास बसत नाही. धावपट्टी दीड तासाहून जास्त बंद राहिली, विमानं दुसरीकडे वळवावी लागली, आणि गणपतीला पाच दिवस असताना गावी निघालेले लोक शिव्या घालत बसले.

नेमकं काय चुकलं ते सांगणं चौकशीचं काम. त्या दोन वैमानिकांना मी इथून दोष देणार नाही. मला बोलायचंय ते व्हिडिओखालच्या एका प्रतिक्रियेवर: 'एवढ्या पावसातही विमान उतरवायची हिंमत लागते.' तिला शेकडो लाइक्स!

हिंमत कशाला? धावपट्टी नीट दिसली नाही, विमान सरळ रेषेत बसलं नाही, तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात, आणि प्रत्येक वैमानिक ते शिकलेला असतो. तेही जमत नसेल तर दुसरा विमानतळ गाठायचा. मोठ्या विमानात हे त्यातल्या त्यात सोपं, कारण मधे बंद दार असतं आणि दीडशे प्रवाशांपैकी कुणीच मालक नसतो. चार्टर, म्हणजे खास भाड्यानं घेतलेल्या विमानात पैसे मोजणारा माणूस चार हातांवर बसलेला असतो. त्याची मीटिंग असते, सभा असते, लग्न असतं. वैमानिक कितीही शिकलेला असो, त्याच्या लेखी तो ड्रायव्हरच.

29 मार्च 2001 ला अमेरिकेत अॅस्पेनला हेच झालं. लॉस एंजेलिसहून निघालेलं चार्टर गल्फस्ट्रीम जेट. प्रवासी उशिरा आले, आणि डोंगरातल्या त्या विमानतळावर अंधार पडल्यावर अशा विमानांना उतरायला बंदी. दुसरीकडे उतरावं लागेल म्हटल्यावर भाड्यानं घेणारा गिऱ्हाईक भडकला. शेवटच्या मिनिटांत एक प्रवासी चक्क कॉकपिटमधल्या जादा सीटवर येऊन बसला होता. आधीची विमानं धावपट्टी न दिसल्यानं पुन्हा वर गेली होती. हे गेलं नाही. अठरापैकी एकही वाचला नाही. चौकशीत गिऱ्हाइकाच्या दबावाचा स्पष्ट उल्लेख आहे.

हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ते ट्रॅक्स जीप चालवायचे, लग्नाची भाडी मारायचे. एका जूनमध्ये भोगावती नदीच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, पाणी आलेलं. शेजारच्या सीटवर वरबाप. "घाला की मालक, गुडघाभर पाण्याला काय भ्यायचं? मुहूर्त चाललाय." वडील म्हणाले, "पाण्याखाली फरशी हाय का वाहून गेलीय, मला दिसत न्हाई. दिसत न्हाई तिथं गाडी घालणार न्हाई." गाडी वळवली. बावीस किलोमीटरचा फेरा. मुहूर्त टळला. वरबापानं निम्मंच भाडं दिलं आणि चारचौघांत 'भित्रा' म्हणाला.

मी मागच्या सीटवर होतो, दहा वर्षांचा. खरं सांगायचं तर मलाही बापाची लाज वाटली. कारण आम्ही गाडी वळवत असतानाच मागून आलेली दुसरी एक जीप हॉर्न वाजवत पाण्यात शिरली आणि आमच्या डोळ्यांदेखत आरामात पलीकडे गेली.