दहा अब्ज पाहुणे

ताप आला की थर्मामीटर समोर धरता येतो. खाजेचा पुरावा देता येत नाही. अ‍ॅटॉपिक डर्माटायटिस, म्हणजे हट्टी एक्झिमा, मोजायला त्वचारोगतज्ज्ञांकडे 'स्कोराड' नावाची गुणपत्रिका असते. एकूण गुण 103. (वरचे तीन बहुधा सहनशीलतेचे.) लाली, सूज, ओरखडे डॉक्टर स्वतः बघून मांडतात. खाज आणि उडालेली झोप या दोन विषयांत मात्र पेशंटनेच स्वतःला 0 ते 10 मध्ये मार्क द्यायचे. कमी सांगितले तर मलम हलकं मिळेल, जास्त सांगितले तर नाटकी ठरू. मी आपला सात म्हणतो. सात कसा, भारदस्त वाटतो.

दिवसा माझे हात माझं ऐकतात. रात्री दिवा मालवला की बोटं हळूच कोपराच्या खोबणीत शिरतात, तिथून गुडघ्याच्या मागे. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. तरी सकाळी चादरीवर कोंडा आणि रक्ताचे दोन ठिपके. खाजवलं की कातडी सोलवटते, सोलवटली की आणखी खाजते. त्यात त्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू आधीच बिनभाड्याने मुक्कामाला.

आत्याचं निदान जन्मभर एकच: "पोटात आहे रे सगळं." मध्यंतरी तिच्या हाती 'प्रोबायोटिक' लागलं आणि त्या निदानाला एकदम डिग्री मिळाली. तिने एक बाटली आणून दिली. कॅप्सूलमागे दहा अब्ज जिवंत जंतू! वरच्या जंतूंनी छळलंय, म्हणून आत आणखी दहा अब्ज पाठवायचे. त्यातले बहुतेक पोटात घर करत नाहीत, चार दिवस राहून निघून जातात, म्हणून रोज नवी तुकडी. येताना त्यांनी थोडा गॅस आणला, एवढं मात्र सोसायटीच्या लिफ्टमध्ये सर्वांना कळलं.

आत्याला मोडीत काढावं म्हणून वाचायला बसलो, तर पंचाईत अशी की कल्पना अगदीच टाकाऊ नाही. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकांनी मांडलं होतं की घरात भावंडं जास्त असली तर मुलांना अ‍ॅलर्जी कमी होते. लहानपणी जंतूंशी ओळख झालेली बरी. पुढे 2001 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी अ‍ॅलर्जी असलेल्या कुटुंबांतल्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या काही आठवडे आधीपासून लॅक्टोबॅसिलस जीजी नावाचा प्रोबायोटिक जंतू दिला आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवला. दोन वर्षांनी साध्या कॅप्सूलवाल्या गटात 46 टक्के मुलांना एक्झिमा, जंतूवाल्या गटात 23 टक्के. निम्मा!

"बघ!" आत्या म्हणाली.

"अगं, पण ते होऊ नये म्हणून होतं. म्हणजे मी जन्मायच्या आधी आईने घ्यायला हवं होतं."

"मग तेव्हा तिला का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे जर्मनीत त्याच जंतूवर तसाच प्रयोग झाला, 2008 मध्ये निकाल आला, आणि फरक काही दिसला नाही. आणि ज्यांना एक्झिमा झालेलाच आहे, म्हणजे माझ्यासारखे, त्यांच्यासाठी कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये 39 चाचण्या, 2,599 माणसं एकत्र करून पाहिली: पेशंटच्या तोंडून आलेल्या लक्षणांत प्रोबायोटिकने फरक बहुधा पडत नाही, पडलाच तर नगण्य.

दरम्यान माझी खाज चक्क कमी झाली होती. एक्झिमाचा स्वभावच तो. मनात येईल तेव्हा उफाळतो, मनात येईल तेव्हा बसतो, आणि बसतो तेव्हा जो औषध हातात धरून उभा असेल त्याला श्रेय मिळतं. त्याच दिवसांत मी अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर थापत होतो, मलमही नेमाने लावत होतो. पण मलमाच्या बाजूने भांडायला आत्या नव्हती.

कॉक्रेनचं सगळं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला. "मग जंतू बदलून बघ," ती म्हणाली. आणि घोळ असा की शास्त्रज्ञही हेच म्हणतात: एका जातीच्या जंतूचा निकाल दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. मी हे कबूल करेपर्यंत तिने मोबाईलवर दुसऱ्या बाटलीची ऑर्डर देऊन टाकली होती. यावेळी वीस अब्ज.