ट्रॅक चौकाच्या आधी संपतो

माझ्या रोजच्या रस्त्यावर सायकल ट्रॅक आहे. चांगला आहे, हे आधी सांगते. रस्त्यापेक्षा थोडा उंच, फुटपाथपेक्षा थोडा खाली, आणि गाड्या आत येऊ नयेत म्हणून कडेला सलग कठडा. सकाळी त्यावर चढले की खांदे आपोआप सैल होतात. मागून काय येतंय याकडे कान लावून बसावं लागत नाही. असं साधारण दोन किलोमीटर चालतं. मग मोठा चौक येतो, आणि चौकाच्या चाळीसेक पावलं अलीकडे ट्रॅक संपतो. कठडा संपतो, रंग संपतो, उतार लागतो आणि मी थेट वळणाऱ्या बसच्या पुढच्या चाकाजवळ जाऊन पोचते. चौक ओलांडला की पलीकडे ट्रॅक पुन्हा सुरू.

अकरा वर्षं मी सायकलने कामावर जाते. या चाळीस पावलांबद्दल मी अर्ज केले आहेत, फोटो पाठवले आहेत. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं: "तिथे जागा नाही." चौकात जागा कमी असते हे खरंच आहे. पण जागा कमी असते म्हणूनच तर तिथे माणसाला संरक्षण लागतं! मोकळ्या सरळ रस्त्यावर मी ट्रॅकशिवायही जाऊ शकले असते.

आज हे लिहायचं कारण माझी ऑफिसातली मैत्रीण. तिने बऱ्याच दिवसांच्या विचारानंतर सायकल घेतली. पहिले काही दिवस आम्ही बरोबर जायचो. नंतर ती एकटी यायला लागली. तीन आठवडे रोज आली. चेहऱ्यावर उन्हाची लाली आणि दिवसभर बोलायला उत्साह. मग एका संध्याकाळी त्याच चौकात एक बस वळली. चालकाला ती दिसली नाही. बसची मागची बाजू आत येत गेली आणि ती हँडल धरून जागच्या जागी थिजली. बस निघून गेली. तिला साधं खरचटलंही नाही. ती खाली उतरली, सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून कॅबने यायला लागली. सायकल तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. दोन्ही टायरमधली हवा गेली आहे.

ही गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. अपघात झाला नाही, त्यामुळे अपघातांच्या नोंदीत ती नाही. मैत्रीण आता सायकल चालवत नाही, त्यामुळे सायकलींच्या मोजणीतही नाही. उलट पुढच्या मोजणीत एक सायकल कमी भरेल आणि कुणीतरी म्हणेल, बघा, ट्रॅक करूनही माणसं येत नाहीत.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रॉजर गेलर नावाचे अधिकारी सायकल वाहतुकीचं काम बघायचे. २००६ च्या सुमारास त्यांनी शहरातल्या लोकांची चार गटांत ढोबळ विभागणी मांडली. कसाही रस्ता असला तरी बिनधास्त सायकल चालवणारे अगदी थोडे. बऱ्यापैकी आत्मविश्वास असलेले त्याहून जरा जास्त. कधीच चालवणार नाहीत असे साधारण तिसरा हिस्सा. आणि उरलेले, जवळपास ६० टक्के, ज्यांना चालवायची इच्छा आहे पण भीती वाटते. मी पहिल्या दोन गटांतली आहे. माझ्यासाठी कुणी काही केलं नाही तरी मी उद्या सायकलनेच जाणार आहे. माझी मैत्रीण त्या ६० टक्क्यांतली आहे. म्हणून मला मनापासून वाटतं की ट्रॅक कसा असावा हे मला विचारू नये. तिला विचारावं. दहा वर्षांच्या मुलीच्या आईला विचारावं, गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही पण सायकल चालवता येते अशा आजोबांना विचारावं.

आणि त्यांचं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. त्यांना किलोमीटर किती झाले याच्याशी देणंघेणं नाही. घरापासून जिथे जायचंय तिथपर्यंत एकाही ठिकाणी जीव मुठीत धरावा लागू नये, एवढंच. रस्ता ९५ टक्के सुरक्षित असून उपयोग नाही. उरलेल्या पाच टक्क्यांत जी भीती बसते, तीच माणूस घरी नेतो.

हॉलंडचं उदाहरण दिलं की लगेच उत्तर येतं, "त्यांचं वेगळं आहे, तिथे आधीपासूनच सायकली आहेत." हे अर्धसत्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली झपाट्याने कमी होत गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यात ४०० हून जास्त मुलं होती. ज्याची स्वतःची मुलगी अशी गेली होती अशा एका पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यावरून 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांची हत्या थांबवा', ही चळवळ उभी राहिली. आईवडील मुलांना घेऊन रस्त्यात बसले. १९७३ च्या तेलसंकटात रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या आणि मोकळा रस्ता कसा दिसतो हे लोकांना पाहायला मिळालं. आज तिथे दिसतं ते सगळं भांडून मिळवलेलं आहे.

पण मला त्याच देशातली यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट सांगायची आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारने द हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत एकेक उत्तम सायकल मार्ग प्रयोग म्हणून बांधला. रुंद, देखणा, भरपूर खर्च करून. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण बऱ्याचशा आजूबाजूच्या गल्ल्यांमधून तिथे वळलेल्या होत्या. शहरात एकूण सायकल चालवणारे फारसे वाढले नाहीत. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्ट शहराने दुसरा विचार केला. एक दिमाखदार मार्ग करण्याऐवजी संपूर्ण शहरात तुटलेले दुवे शोधायचे आणि जोडायचे. कुठे छोटा पूल, कुठे भुयारी रस्ता, कुठे एकेरी गल्लीत सायकलला दोन्ही बाजूंनी परवानगी. शहरभर जाणारे मार्ग, त्यांना जोडणारे भागातले मार्ग, आणि घराच्या दारापर्यंत येणारे छोटे मार्ग अशी तिपेडी वीण. तिथे सायकलींचा वापर खरोखर वाढला.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचंही तेच. तिथे सायकलची मोठी परंपरा वगैरे काही नव्हती. २००६ नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं, कठड्याने वेगळं केलेलं जाळं उभं केलं. तुकडे करून नाही, जवळजवळ एका दमात. सायकलने होणाऱ्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या.

आपल्याकडे मात्र जिथे बांधणं सोपं तिथे बांधायचं, लांबी मोजायची आणि उद्घाटन करायचं.

चौकाचं काय करता येतं तेही सांगते, कारण "जागा नाही" हे ऐकून मी थकले आहे. शहरात सायकलच्या बऱ्याच गंभीर धडका चौकात, गाडी वळताना होतात. मोठ्या गाडीच्या चालकाला त्याच्या बाजूला, अगदी खाली, पुढच्या चाकाशेजारी काही दिसत नाही. बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. बाजूला उभा असलेला सायकलवाला त्या मधल्या जागेत सापडतो. यावर तीन साधे उपाय आहेत. चौकाच्या कोपऱ्यावर छोटंसं बेट बांधायचं, म्हणजे गाडीला सावकाश आणि मोठं वळण घ्यावं लागतं. सायकलींची थांबायची रेषा गाड्यांच्या पुढे आणायची, म्हणजे चालकाला आम्ही समोर दिसतो. आणि सायकल व पादचाऱ्यांचा सिग्नल काही सेकंद आधी हिरवा करायचा. यातल्या शेवटच्या उपायाला तर इंचभरही जागा लागत नाही.

वेगाचंही तसंच. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ५० ने येणारी गाडी जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा घेऊन अंगावर येते. जिथे पायी चालणारे, सायकली आणि गाड्या एकत्र असतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या दोन्ही दिशांना एकेकच लेन असलेल्या रस्त्यांवर ती देशभर लागू केली. गल्लीबोळात प्रत्येक ठिकाणी वेगळा ट्रॅक करायची गरज नाही. वेग कमी झाला की गल्ली हाच ट्रॅक होतो.

आता बसबद्दल. ट्रॅकच्या मागणीत बस कुठून आली असं काहींना वाटेल. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. माझं ऑफिस नऊ किलोमीटरवर आहे, मला जमतं. कुणाचं वीस किलोमीटरवर असतं. त्याने पूर्ण अंतर सायकल मारावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण घर ते बसस्टॉप किंवा स्टेशन? दहा मिनिटांत माणूस चालत साधारण ८०० मीटर जातो. तेवढ्याच वेळात निवांत सायकल चालवून अडीच किलोमीटर होतात. अंतर तिप्पट, म्हणजे स्टेशनभोवतालचा परिसर नऊपटीहून जास्त! नवा मार्ग, नवी गाडी, नवं स्टेशन काहीही न बांधता नऊपट वस्ती स्टेशनच्या दहा मिनिटांत येते. त्यासाठी लागतो तिथपर्यंतचा अखंड रस्ता आणि पोचल्यावर सायकल लावायला छप्पर, उजेड, आणि कुलूप लावता येईल असा पक्का स्टँड. हॉलंडमधल्या उट्रेख्ट स्टेशनखाली २०१९ पासून १२,५०० सायकलींची जागा आहे. आपल्याला तेवढी नको. प्रत्येक मोठ्या स्टॉपवर पन्नास द्या. आज मी ज्या स्टेशनवर कधीमधी जाते तिथे सायकल विजेच्या खांबाला बांधावी लागते, आणि परत येईपर्यंत ती असेल का, ही धाकधूक दिवसभर असते.

आणि बस यायला तर हवी. अर्ध्या तासाने बस असेल तर सरासरी पंधरा मिनिटं उभं राहायचं. दहा मिनिटांनी असेल तर पाच. मग माणूस वेळापत्रक बघणंच सोडून देतो, निघतो आणि जातो. कोलंबियाची राजधानी बोगोटाने २००० साली ट्रान्समिलेनिओ ही स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बससेवा सुरू केली. महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या त्याच कार्यकाळात शहरात सायकल मार्गांचं मोठं जाळंही उभं राहत होतं. बसच्या मोठ्या टर्मिनसवर सायकली ठेवायची सोय केली गेली. दोन्ही कामं एकाच नकाशावर आखली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र बसवाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. ट्रॅक बसस्टॉपच्या पुढून गेला की दर स्टॉपला बस आमच्यात घुसते आणि आम्ही उतरणाऱ्या प्रवाशांमध्ये घुसतो. तिथे चूक कुणाचीच नसते. ट्रॅक स्टॉपच्या मागून वळवला आणि प्रवाशांना ओलांडायला पट्टे दिले की हा रोजचा तंटा मिटतो.

रस्ता अरुंद होईल, कोंडी वाढेल, ही भीती मी समजू शकते. पण रस्त्यावरून गाड्या किती जातात याऐवजी माणसं किती जातात ते मोजू या. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने, नॅक्टोने, हे आकडे मांडले आहेत. एका लेनमधून खासगी मोटारींतून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच लेन फक्त बसला दिली तर ४,००० ते ८,०००. तेवढ्याच रुंदीत दोन्ही दिशांना जाता येईल असा सुरक्षित सायकल ट्रॅक केला तर ७,५००.

दुकानदारांची काळजी मला जास्त खरी वाटते, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. दारासमोरचं पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटतं. बर्लिनमधल्या दोन बाजाररस्त्यांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यापाऱ्यांना विचारलं होतं, तुमचे किती ग्राहक मोटारीने येतात? त्यांचा अंदाज सुमारे २२ टक्के. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारलं तर निघाले सुमारे ७ टक्के. टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये ट्रॅक झाल्यानंतरच्या पाहणीत ग्राहकांच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढलेले दिसले. मी आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांशी भांडायला जाणार नाही. त्यांच्या दुकानाबाहेर बसून त्यांच्याबरोबर मोजायला मात्र माझी तयारी आहे.

सायकलवाले सिग्नल तोडतात, उलट्या बाजूने येतात, अशी तक्रार मला नेहमी ऐकावी लागते. खरी आहे. मी लाल दिव्याला थांबते आणि इतरांनीही थांबावं असं ओरडून सांगते. पण उलट्या बाजूने येणाऱ्या मुलाला एकदा विचारलं तर म्हणाला, "ताई, पलीकडे जायला दुभाजकात जागाच नाही, पुढच्या यू-टर्नपर्यंत दीड किलोमीटर आहे." गाडीला ते काही मिनिटांचं काम. त्याला येऊन-जाऊन तीन किलोमीटर पाय मारायचे. त्याने चूक केली, पण ती चूक आधी रस्त्यावर आखून ठेवलेली होती.

तर माझी मागणी नव्या ट्रॅकची नाहीच. पुढचे काही महिने एक मीटरही नवा ट्रॅक बांधू नका. आहेत ते जोडा. प्रत्येक चौक, प्रत्येक पूल, प्रत्येक स्टेशनचं दार, जिथे जिथे ट्रॅक तुटतो त्या जागांची यादी करा आणि ती लोकांसमोर ठेवा. चाकाला समांतर बसवलेल्या गटाराच्या जाळ्या फिरवून आडव्या करा, त्यात चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. ट्रॅकवर उभ्या केलेल्या गाड्या हटवा.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता मी त्या चौकात मोजमाप करणार आहे. ट्रॅकच्या शेवटापासून पलीकडच्या सुरुवातीपर्यंत नेमकं अंतर किती, लेनची रुंदी किती, कोपऱ्यावर बेटाला जागा किती उरते, बस वळताना किती आत येते. आकडे आणि नकाशा जोडून अर्ज पुन्हा देईन. या वेळी "जागा नाही" असं म्हणायचं असेल तर कुठे नाही ते बोट ठेवून सांगावं लागेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी इथे खाली लिहा. सायकल असलीच पाहिजे असं नाही. मैत्रीण येते म्हणाली आहे, बसने. टेपचं दुसरं टोक ती धरेल.