‘स्पॅनिश लेखक’ म्हणजे नक्की कुठले?

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मराठी विकिपीडियावर लेखांचे देशवार वर्ग, म्हणजे गट, करताना ‘फ्रेंच लेखक’, ‘स्पॅनिश कवी’ यांऐवजी ‘फ्रान्सचे लेखक’, ‘स्पेनचे कवी’ अशी नावं ठरवून टाकू, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे कानाला खटकतं, ‘भारताचे लेखक’ असं कुणी मराठी माणूस बोलत नाही, ‘ब्रिटिश’ला ‘इंग्रज’ हा आपला जुना शब्द आहेच, आणि एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा चार लेख लिहिलेले बरे.

‘भारताचे लेखक’ मलाही खटकतं, म्हणूनच ‘भारतीय’ला मी हात लावलेला नाही. भारतीय नावाची भाषा नाही, त्यामुळे ‘भारतीय लेखक’मध्ये गोंधळाला जागाच नाही. अमेरिकन, पाकिस्तानी, ऑस्ट्रेलियन यांचंही तेच. ती विशेषणं खुशाल राहू द्या. घोळ होतो तो देशाचं विशेषण आणि भाषेचं नाव एकच असतं तिथे. गाब्रिएल गार्सिया मार्केस लिहायचे स्पॅनिशमध्ये, पण माणूस कोलंबियाचा. काफ्काने लिहिलं जर्मनमध्ये, जन्मला आणि वाढला मात्र प्रागमध्ये. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंघोर हे फ्रेंच भाषेतले नावाजलेले कवी. आता ‘मराठी लेखक’ हा वर्ग भाषेचा आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच सवयीने एखादा नवा सदस्य ‘स्पॅनिश लेखक’ वाचतो आणि मार्केसना तिथे नेऊन बसवतो. त्याला दोष कसा द्यायचा? ‘स्पेनचे लेखक’ असतं तर त्याचा हात आपोआप थांबला असता. (‘इराणी’चं तर विचारूच नका. मुंबई-पुण्याच्या माणसाला आधी चहा आठवतो, मग इराणी आडनावाचे आपलेच लोक.)

शिवाय ‘चे’ लावून कुणी बोलत नाही, हेही पटत नाही. क्रीडापान उघडा. भारताचे सलामीवीर, ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज, सगळीकडे ‘चे’च. तिथे तो लागतोही. अब्दुल हफीज कारदार १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून कसोटी खेळले आणि १९५२मध्ये भारताविरुद्धच पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून उतरले. गुल मोहम्मद आणि अमीर इलाही हेही दोन्ही संघांकडून खेळले. ‘भारताचे क्रिकेट खेळाडू’ आणि ‘पाकिस्तानचे क्रिकेट खेळाडू’ या दोन्ही वर्गांत हे तिघे बिनबोभाट बसतात. ‘भारतीय’ की ‘पाकिस्तानी’ असं विचारलंत, की चर्चापानावर फाळणी सुरू झालीच म्हणून समजा. आणि वेस्ट इंडीज तर देशच नाही, तरी ‘वेस्ट इंडीजचे क्रिकेट खेळाडू’ या नावाला कुठे अडत नाही.

‘इंग्रज’चा आग्रह मात्र सोडा. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन, हे तिघेही आपल्या बोलण्यात सरसकट इंग्रज, आणि प्रत्यक्षात तिघेही स्कॉटिश. गप्पांत चालतं, विश्वकोशात ‘ब्रिटिश’ आणि त्याखाली स्कॉटलंड, इंग्लंड, वेल्स असे उपवर्गच हवेत.

नावाने सगळंच सुटतं असा माझा दावा नाही. बा. भ. बोरकर १९१०मध्ये गोव्यात जन्मले, तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्यांना पोर्तुगालच्या कवींत घालायला कुणी धजावणार नाही, पण ते नियमामुळे नव्हे, अक्कल शाबूत असल्यामुळे.

राहिला काथ्याकूट. वर्ग ही लेखाच्या तळाशी टाकलेली एक ओळ असते, आणि सॉफ्टवेअर ती अक्षरशः वाचतं. ‘ब्रिटिश लेखक’ आणि उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ लिहिण्याच्या सवयीने लिहिलेलं ‘ब्रिटीश लेखक’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे वर्ग. ‘चिनी’ आणि ‘चीनी’ तसेच. नंतर एकाचं दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन (रीडायरेक्ट) केलं तरी आतले लेख आपोआप हलत नाहीत. प्रत्येक लेखातली ओळ बदलावी लागते, हाताने किंवा सांगकाम्या (बॉट) लावून. आधी तासभर वाद घातला तर पुढची ही हमाली वाचते. म्हणून चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, देशांचा एकच तक्ता असावा, प्रत्येक देशापुढे एकच रूप, ऱ्हस्व-दीर्घासकट. ‘अमेरिकन’ की ‘अमेरिकी’ यात मी ‘अमेरिकन’च्या बाजूने आहे, पण तुम्ही ‘अमेरिकी’साठी हटून बसलात तर हरायला तयार आहे, दोन्ही ठेवायला नाही.

‘डच’वर मात्र तुमचं मत खरंच हवं आहे. ‘नेदरलँड्सचे चित्रकार’ म्हटलं की रेम्ब्रांट परका वाटायला लागतो, हे मान्य. पण डच बेल्जियममध्येही बोलतात, आणि लेखकांच्या वर्गात मार्केसचीच गत पुन्हा होईल. चित्रकारांना ‘डच’ आणि लेखकांना ‘नेदरलँड्सचे’ अशी फोड मला तरी नको वाटते. तुम्ही काय कराल?