कोडिंग येत नसले तरी टेस्टिंगचे काम मिळू शकते
प्रोग्रॅमिंग येत नसेल तर सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोष शोधण्याच्या कामाकडे, वळूच नये, असे मत एका लेखात वाचले; ते मला पटले नाही. वयाच्या रकान्यात १८ ते ६० एवढेच आकडे चालणार असतील, तर १७, १८, ६० आणि ६१ टाकून पाहावेत हे ज्याला सुचते, आणि सापडलेला दोष कोणत्या कृतींनंतर दिसला, अपेक्षित काय होते व प्रत्यक्षात काय घडले, हे जो दुसऱ्याला तसेच करून पाहता येईल इतके स्पष्ट लिहितो, त्याला मॅन्युअल टेस्टिंग (कोड न लिहिता स्वतः सॉफ्टवेअर वापरून केलेली तपासणी) नक्की जमते. अर्जासोबत स्वतः लिहिलेले दोन-तीन बग रिपोर्ट, म्हणजे दोषांच्या अशा नोंदी, जरूर जोडावेत. माझ्या मते प्रमाणपत्रापेक्षा त्यांचे वजन जास्त पडते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील साधी सिलेक्ट क्वेरी (साठवलेल्या नोंदी पाहण्याची आज्ञा) मात्र शिकून घ्यावी, कारण पडद्यावर ‘जतन झाले’ असे दिसूनही डेटाबेसमध्ये नोंद झालेली नसते, असेही घडते.