तेल दुप्पट टाकल्याने टू-स्ट्रोक जेट बोटीचं इंजिन वाचत नाही

‘जुनी टू-स्ट्रोक जेट बोट आहे? पेट्रोलात तेल दुप्पट टाका, इंजिन कधी जाम होणार नाही. पंपावरचं पेट्रोल चालतं, पळवायची असेल तर महागातलं भरा. कार्बोरेटरला हात लावू नका.’ मुंबईच्या बोटवाल्यांत हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो पाळला तर पिस्टन जातील, म्हणून हे लिहितोय.

खरी गफलत तेलात आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलासोबत येणाऱ्या तेलातूनच मिळतं. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलाला २० मिली तेल. ते ४० मिली केलंत की कार्बोरेटरच्या जेटच्या (इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) त्याच भोकातून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं. मिश्रण घट्ट झाल्यामुळे ते वाहतंही थोडं कमी. हवा मात्र तेवढीच येते. म्हणजे मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि पिस्टनचा माथा जास्त तापला. फरक थोडाच असतो, पण सेटिंग आधीच काठावर असेल तर तेवढा पुरतो. वर जादा तेलाचा कार्बन एक्झॉस्ट पोर्टवर आणि रिंगांच्या खाचांत बसतो. बोटीचा ऑइल पंप चालू असेल तर तो आपलं तेल सोडतच असतो. टाकीतही ओतलंत तर प्लग काळे आणि ओले निघणार. नव्याने बांधलेल्या इंजिनाची पहिली टाकी हा अपवाद, तोही मॅन्युअलमध्ये लिहिलेला असेल तर.

‘आरएक्स-१०० ला आम्ही असंच करायचो’ हा दाखला इथे लागू पडत नाही. बाइकला फुल थ्रॉटल काही सेकंद मिळतो, मग सिग्नल येतो. जेट बोटीला गिअर नसतो. गेटवेहून मांडव्याकडे थ्रॉटल दाबून निघालात की इम्पेलरचा (पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याचा) भार इंजिनावर अखंड राहतो.

आता पंपावरचं पेट्रोल. ते आज ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे १९९०च्या दशकातलं जेटिंग (जेटच्या मापाचं सेटिंग) तसंच ठेवून ई२० भरलं की मिश्रण आपोआप लीन होतं. मेन जेट मोठा करावाच लागतो. त्यात आपला पावसाळा! बोट जूनपासून झाकलेली, टाकी अर्धी, हवा ओली. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाला बसतात. तेल वरच्या पेट्रोलात राहतं आणि पिकअप नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात जाणाऱ्या इंधनात तेल जवळपास नसतंच. बोट ठेवण्याआधी टाकी रिकामी करा.

महागड्या पेट्रोलाने वेग वाढत नाही. त्यात जास्त असतं ते ऑक्टेन, आणि ते नॉकिंग (इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक) रोखण्याचं माप आहे, ताकदीचं नाही.

आणि कार्बोरेटरला हात लावायलाच हवा. जुन्या सी-डू बोटींतल्या राखाडी इंधन नळ्या आतून विरघळतात आणि त्यांचा हिरवट चिकटा कार्बोरेटरच्या आतल्या बारीक जाळीत साचतो. दोनपैकी एकाच सिलिंडरला इंधन कमी पडलं तरी कानाला लगेच कळत नाही. मोकळ्या पाण्यात, आसपास कुणी नसताना, फुल थ्रॉटलवर लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) ओढून इंजिन बंद करा आणि दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी आणि दुसरा पांढराफटक (म्हणजे त्या सिलिंडरला इंधन कमी) निघाला तर त्याच वेगात परत येऊ नका. आधी त्या सगळ्या नळ्या बदला, मगच कार्बोरेटर उघडा. नाहीतर साफ केलेल्या जाळीत तोच चिकटा पुन्हा येतो.