इलो तर इलो

ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बांधावर उभं राहून विचारा, "आज पडतलो काय रे?" उत्तर ठरलेलं असतं: "इलो तर इलो." म्हणजे पाऊस आला तर आला. परक्या माणसाला यात बेफिकिरी दिसते. आमच्या मते हा हवामानाचा अंदाज आहे, आणि मोबाइलवरच्या अर्ध्या ढग-अर्ध्या सूर्याच्या चित्रापेक्षा कितीतरी प्रामाणिक. ते चित्रसुद्धा हेच सांगत असतं, फक्त मालवणीत सांगत नाही.

तसं पाहिलं तर पावसाच्या निवृत्तीच्या तारखा सरकारदरबारी ठरलेल्या आहेत. पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला निघायचं, मुंबईतून ८ ऑक्टोबरला, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत सगळा देश रिकामा करायचा. २०२० पर्यंत राजस्थानची तारीख १ सप्टेंबर होती. पाऊस ती पाळत नाही म्हटल्यावर खात्याने तारीखच पुढे नेली. नोकरीत अशी मुदतवाढ मिळवायला माणसाला किती चपला झिजवाव्या लागतात! शिवाय मान्सून परतला म्हणजे पाऊस थांबला, असा अर्थ निघत नाही. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' वादळ फिरत होतं. ते किनाऱ्याला लागलंसुद्धा नाही, लांबूनच गेलं, पण जाताना कोकणातली भातं झोपवून गेलं. २००९ साली 'फयान' आलं ते तर ११ नोव्हेंबरला.

खरं म्हणजे चूक आमचीच आहे. हळवं भात तयार व्हायला ११० ते १२० दिवस लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं भात बोटं मोजली तर सप्टेंबरअखेर नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापायला येतं. पंचांगात नेमका तेव्हाच, २७ सप्टेंबरच्या आसपास, हस्त लागलेला असतो. त्याच्यामागे चित्रा, मग स्वाती. वाहन बेडूक आहे की म्हैस यावर चर्चा होते, पण ते काहीही असलं तरी येतं ते आमच्याच खळ्यात. 'मग हळवं पेरता कशाला?' असं चाकरमानी दरवर्षी विचारतो. कारण भरड जमिनीत पाणी टिकत नाही. गरवं भात १३५-१५० दिवस घेणार आणि शेवटपर्यंत पायात ओल मागणार. ते खालच्या मळ्यात जमतं. वर हळवंच. म्हणजे पाऊस लवकर गेला तरी चालावं म्हणून लवकर तयार होणारं भात पेरायचं, आणि ते तयार झालं की पाऊस परत यायचा.

या पावसाची ओळख पटायला आधी दिशा बघावी. जून ते ऑगस्ट पाऊस समुद्राकडून येतो आणि दिवसभर रेंगाळतो. ऑक्टोबरातला घाटाकडून येतो. सकाळी आभाळ इतकं स्वच्छ की निळा रंग आजच मारून घेतलाय असं वाटावं. अकरापर्यंत ऊन डोक्यात जातं. जमीन ओली, वर कडक ऊन, त्यामुळे वाफ उठते. बाराच्या पुढे सह्याद्रीच्या माथ्यावर पांढरे कापसाचे ढीग दिसायला लागतात. दोनला त्यांची फुलकोबी होते, बुडाला काळी शाई उतरते. तीनच्या सुमारास एकाएकी पूर्वेकडून गार वारा सुटतो आणि माणसं "व्वा, काय बरं वाटलं!" म्हणतात. असं म्हणणारा माणूस हमखास पाहुणा असतो. तो वारा म्हणजे ढगातून खाली आपटलेली थंड हवा. पाऊस तिच्या मागे दहा-पंधरा मिनिटांवर असतो.

म्हणून इथलं पहिलं गणित विळ्याचं नाही, पडवीचं. एक माणूस दिवसात चार-पाच गुंठे उभं भात कापतो. बरं पीक असेल तर गुंठ्याला चाळीसेक किलो भात, आणि पेंढा वेगळा. चार माणसं लावून वीस गुंठे आडवं करणं सोपं. पण आठशे किलो भात आणि तेवढाच पेंढा तीनच्या आत छपराखाली नेता येईल का? येत नसेल तर दहा गुंठेच कापावं. उभं भात भिजलं तर वाऱ्यावर सुकतं, कापून पसरलेलं भिजलं तर कुजतं. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी सकाळचं ते निळं आभाळ बघितलं की हात थांबत नाही. दरवर्षी.

कापणीची वेळ ओळखायला लोंबीतले शंभरातले ऐंशी-नव्वद दाणे पिवळे दिसले की पुरे. शेवटचा हिरवा दाणा पिकायची वाट बघणारा माणूस पावसाला निमंत्रणपत्रिका छापतो. त्याआधी आठ-दहा दिवस बांध फोडून पाणी सोडून द्यायचं, म्हणजे पाय रुतत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा असेल तर जमिनीलगत कापता येतं आणि धसकटात खोडकिडा कमी उरतो. कोरड्या वर्षी कापलेलं भात एक-दोन दिवस शेतातच पसरून सुकवतात, मग भारे बांधतात. परतीच्या पावसात ही चैन विसरायची. कापलं, बांधलं, उचललं, त्याच दिवशी झोडलं. ओली लोंबी बाकड्यावर आपटली तर दाणा सुटत नाही, आणि पायाच्या मळणीयंत्रात घातली तर पेंढा ड्रमला असा गुंडाळतो की यंत्र कुणाचं आणि पेंढा कुणाचा हे कळू नये. तेव्हा सकाळचं दव उडाल्यावर नऊ-साडेनऊला विळा हातात, आणि झोडणी दुपारी पडवीत.

आडव्या पडलेल्या भाताची गोष्ट निराळी. लोंबी भरलेली, वरून पाणी, त्यात वारा; मग अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा वाफा, एका रात्रीत भुईसपाट झोपतो. माणसाला निम्मंच कापता येतं, कारण प्रत्येक मूठ आधी उठवायची आणि मग कापायची. झोपलेल्या दिशेच्या उलट बाजूने शिरलं तर लोंब्या हाताला लागतात. त्याच दिशेने शिरलं तर पायाखाली जातात. लोंबी पाण्यात टेकली असेल तर तीन-चार दिवसांत दाण्याला पांढरा कोंब दिसतो. हळव्या जातींचा दाणा झोपाळू नसतो, उठायला टपलेलाच असतो. पहिलं काम म्हणून बांधाला खाच पाडून पाणी काढायचं, आणि लोंब्यांवर मिठाचं पाणी फवारायचं, लिटरला ५० ग्रॅम. मिठाने नवा कोंब फुटायचा थांबतो. शेजारच्याला कोंब दाखवून हळहळ व्यक्त करायला वेळ मिळतोच, पण तो पंपात मीठ विरघळेपर्यंतच घ्यावा.

विजेबद्दल मात्र थट्टा नको. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं. येतील तितके किलोमीटर वीज लांब. तिसाच्या आत मोजणी संपली की विळा टाकून घर गाठायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. फणसाखाली उभं राहून ते ॲप उघडणाऱ्यांसाठी अजून काही निघालेलं नाही.

आता ताडपत्री. या वस्तूवर कोकणी माणसाचा जेवढा विश्वास आहे तेवढा वाऱ्याचा नाही. ढिगावर ताडपत्री टाकून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, की झालं काम असं वाटतं. वाऱ्याला एक कडा सापडली की ताडपत्रीचं शीड होतं, दगडासकट शेजारच्या खळ्यात. दगड कोपऱ्यावर नको, कडेच्या भोकांतून दोरी ओवून दगड लोंबता ठेवावा. दोरीच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी बांधली तर वाऱ्याच्या झटक्याला ती ताणते आणि भोक फाटत नाही. सपाट तर कधीच ताणू नये. मध्ये आडवा बांबू देऊन पाठ काढावी, नाहीतर पखाल साचते. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे ५० लिटर, ५० किलो. ते मध्यरात्री भाताच्या ढिगावर एकदम ओतलं जातं तो आवाज ज्याने ऐकला त्याला ही बेरीज समजावून सांगावी लागत नाही.

शिवाय ताडपत्री पाऊस थोपवते तशी वाफही कोंडते. ओल्या भाताचा ढीग रात्रभर झाकला की सकाळी आत हात घालून बघा, चटका बसतो. तो तांदूळ पिवळा पडतो, वासाचा होतो. खाली बांबू आणि सुकं गवत, वर आधी गोणपाट, मग ताडपत्री, आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला वीतभर फट.

उन्हात वाळवणं हा उरलेला पंधरवडा. कापताना दाण्यात वीस-बावीस टक्के ओल असते, साठवायला चौदाच्या खाली हवी. १०० किलो भातातून सात ते नऊ किलो तरी पाणी उडवायचं, तेही तीनच्या आत, तेही जे ढग पुन्हा आणून ओततात त्यांच्याच देखत. थर दोन बोटांचा, अर्ध्या तासाने पायाने ओढ. सिमेंटच्या तापलेल्या अंगणापेक्षा शेणाने सारवलेलं खळं बरं; फार तापलं की दाण्याला तडा जातो. वाळलेला दाणा पुन्हा भिजला तरी तडा जातो, आणि गिरणीवर मग तांदळाऐवजी कणी हाती येते. वाळलं की नाही हे बघायला दाणा दाताखाली धरायचा. 'कट्' आवाज आला तर ठीक. नुसता चेपला तर उद्या परत. म्हणून ऑक्टोबरात अंगणातून जाणारा प्रत्येक जण एक दाणा तोंडात टाकून मान हलवतो. अशी दिवसाला मूठभर तपासणी होते.

एवढं करून भात एकदाचं कडकडीत वाळतं. पळींज, म्हणजे पोकळ दाणे, उफणून निघतं, कणगीत भरायची तयारी होते. तेवढ्यात दिवाळी येते. चावदिवसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, नव्या भाताचे पोहे हवेतच. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, ताकातले, आणि घराघरातून फिरून खायचे. त्यासाठी सगळ्यात चांगलं, सगळ्यात कोरडं, सहा वेळा पळत जाऊन पावसातून वाचवलेलं भात पायलीभर मोजून घेतात.

आणि ते रात्रभर पाण्यात भिजत घालतात.