घराला काय कॅरॅक्टर आहे!

दक्षिण लंडनमधल्या आमच्या व्हिक्टोरियन घरात पाऊल टाकलं की पाहुणे म्हणतात, "वा, घराला काय कॅरॅक्टर आहे!" आणि अंगातला कोट न काढताच चहा पितात. याला कारण आमच्या खिडक्या. दोन लाकडी झडपा, एकीमागे एक, वर-खाली सरकणाऱ्या. म्हणजे सरकाव्यात अशी बांधणाऱ्याची इच्छा होती. पण आजवरच्या प्रत्येक मालकाने जुना रंग न खरवडता वर नवा चढवला, त्यामुळे झडपा चौकटीला चिकटल्या. त्या उघडत नाहीत, पण वारा आत येतो. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा जमतात, देव जाणे.

"काढून टाक रे, स्लायडिंग बसव," कोथरूडहून मेहुण्याने फर्मावलं. त्याला काय सांगणार! आमची गल्ली संरक्षित. दर्शनी खिडकीला प्लास्टिक लावायचं तर आधी कौन्सिलची परवानगी हवी. लोकांच्या खिडक्यांत लक्ष घालायची इथल्या सरकारला जुनीच खोड. इंग्लंडात 1696 ते 1851 खिडक्यांवर चक्क कर होता. तो चुकवायला लोक विटा रचून खिडक्या बुजवून टाकत. (भाग्यवान लेकाचे!) पुढे कर उठला, आणि आमच्या बिल्डरला एवढा आनंद झाला की त्याने पुढच्या एकाच खोलीला तीन खिडक्या काढल्या.

सुताराने आकडा सांगितला, तेव्हा यात भिंतीही आल्या का, असं मी विचारलं. तो हसला नाही. मग मीच पटाशी हातात घेतली.

जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. मास्क लावून, पाणी मारत मारत खरवडायचं. आतली पट्टी निघाली, खालची झडप निघाली, आणि दोन झडपांमधली बारीक पट्टी निघता निघता मोडली. ती मोडतेच, दुकानदाराने मी मागायच्या आधीच नवी पुढे केली. मग दिसली खरी गंमत. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळी, तिच्यात दोरीला टांगलेली बिडाची लांबट वजनं, आणि दोरी कप्पीवरून झडपेला. वरच्या झडपेची वजनं तिच्याहून किंचित जड, म्हणजे ती वरच राहावी. खालचीची किंचित हलकी, म्हणजे ती खालीच राहावी. थोडक्यात, खिडकी बंद राहायलाच जन्माला आलेली आहे. उघडणारा तिच्या मनाविरुद्ध वागतो.

दोऱ्या तुटून वजनं तळाशी पडली होती. मनगटापर्यंत हात भोकात, गाल चौकटीला, अशा अवस्थेत आईचा व्हिडिओ कॉल आला.

"अरे, तिथे सुतार मिळत नाहीत का?"

"मिळतात गं. परवडत नाहीत."

शेवटी काचांच्या कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. रंग देण्याआधी ती काही आठवडे सुकू द्यायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक ऐकू आली. बघतो तर ब्लू टिट नावाची, चिमणीहून लहान, निळी-पिवळी पाखरं काचेच्या कडेची लांबी टोचून खात होती! जवसाचं तेल त्यांना आवडतं म्हणे. गावी पिंडाला कावळा शिवावा म्हणून आम्ही भर उन्हात हात जोडून ताटकळलोय. इथे लांबीला ही मंडळी न बोलावता शिवली.

यांना हाकलायचं कसं, म्हणून आईला फोन लावला.

"हाकलतोस कशाला?" ती म्हणाली. "थोडी वाटीत वेगळी काढून ठेव की त्यांना."